शेठ आणि कामगार यांच्यामधला जॉबर : कथेतला पेच कसा बांधावा

दोन बाजूंत सापडलेल्या माणसाच्या बहुतेक कथा लंगड्या पडतात, कारण लेखकाने एका बाजूला आधीच खलनायक ठरवलेलं असतं. मग पात्राला निवड करायची उरतच नाही, फक्त धाडस करायचं उरतं. ती कथा वेगळी.

उदाहरणाला सोलापूरच्या पूर्व भागातला टॉवेलचा यंत्रमाग कारखाना घेऊ. पात्र : जॉबर. माग दुरुस्त करणारा, कामगारांचा ‘अण्णा’, शेठच्या भरवशाचा. दिवाळी तोंडावर आहे. बोनस ठरत नाही म्हणून कामगार माग बंद ठेवायच्या बेतात आहेत आणि ऑर्डरचा कंटेनर शनिवारी सुटायचाय.

आधी दोन्ही बाजूंची वकिली करा. शेठच्या तोंडून पाच वाक्यं, कामगाराच्या तोंडून पाच, दोन्ही ‘मी’ धरून. सुताचे भाव चढलेत, बँकेचा हप्ता थांबत नाही, माल चुकला तर गिऱ्हाईक जाईल. तिकडे मजुरी कामावर मोजली जाते, माग बंद म्हणजे घरात पैसा नाही. तरीही ते बंद ठेवायला निघालेत, म्हणजे किती ताणलं गेलं असेल? ही दहा वाक्यं कुणाला तरी वाचायला द्या. लेखक कुणाकडून आहे हे त्याने ओळखलं, तर पुन्हा लिहा.

मग पात्राला दोन्हीकडचं देणेकरी करा. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. ‘त्याला दोघांबद्दल आपुलकी होती’ एवढ्यावर कथा उभी राहत नाही. देणं बोट ठेवून दाखवता यावं : लेकीच्या लग्नाला शेठकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही, आणि हात मागात सापडून जॉबर घरी बसला, तेव्हा त्याचं काम आपसांत वाटून घेऊन त्याची नोकरी टिकवली ती याच कामगारांनी. सोलापुरात आणखी एक गाठ आयती मिळते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजात मालकही आहेत आणि कामगारही. कारखान्यात ज्याला ‘शेठ’ म्हणायचं, तो लग्नघरात ‘मामा’ निघू शकतो. (तेलुगू येत नसेल तर संवादात उसने शब्द पेरू नका. ‘तो तेलुगूत बोलू लागला’ एवढं लिहून पुढचं मराठीत द्या.)

पळवाटा बुजवा. आजारपण, गावाला जाणं, दुसरी नोकरी, अचानक धावून येणारा पुढारी. वाचकाला सुचेल ती प्रत्येक वाट तुम्ही आधी बंद केलेली हवी. शनिवारची मुदत त्यासाठीच आहे.

मधला मार्ग त्याला शोधू द्या, आणि तो दर वेळी महागात पडू द्या. पहिल्यांदा तो दोघांनाही थोडं गोड करून सांगतो : शेठला ‘पोरं ऐकतील’, पोरांना ‘शेठ नरमलेत’. दुसऱ्यांदा ते सांभाळायला शब्द देऊन बसतो. तिसऱ्यांदा दोन्ही बाजू समोरासमोर येतात आणि त्याचं बोलणं ताडून पाहतात. तिन्ही वेळा घात त्याच्याच कृतीतून व्हावा, योगायोगाने नव्हे.

घालमेल मनात लिहू नका, जागेवर दाखवा. चालू मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं. शेठ काचेच्या केबिनमधून बोटाने बोलावतो. जॉबर पाना खाली ठेवतो, हात पुसतो, आत जातो. आडव्या धाग्याची कांडी बदलणारा कामगार मान वर करून बघतो. आत काय बोलणं झालं ते बाहेर कुणालाच कळत नाही. बाहेर आल्यावर तो काहीही सांगो, अर्धा संशय आधीच पक्का झालेला असतो. अशा एका प्रसंगापुढे ‘त्याचं मन दुभंगलं’ छापाची दोन पानं फिकी पडतात.

अडीच हजार शब्दांची कथा असेल तर दोन्ही देणी पहिल्या सहाशे शब्दांत यावीत, आणि निवडीला शेवटचे पाचशे पुरे. निवड जॉबरनेच करायची. शेठला उपरती झाली किंवा संप आपोआप मिटला, तर आधीचं सगळं वाया.

ऐतिहासिक कथा लिहायची असेल तर मे १९३०चं सोलापूर आहे : मार्शल लॉ पुकारलेलं शहर, घरातला एक भाऊ गिरणीत, दुसरा पोलिसात. मात्र १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे वाचकाला माहीत असतात, त्यामुळे न्याय्य बाजू कोणती याचा निकाल आधीच लागलेला असतो. तिथे पोलिसातल्या भावाचं देणं घरातच शोधावं लागेल : म्हातारी आई, गहाण पडलेलं शेत, त्याच्या एकट्याच्या पगारावर पेटणारी चूल.