नवे तंत्रज्ञान घेताना कंपन्यांनी या चुका टाळाव्यात

रीइंजिनिअरिंग, ईआरपी (कंपनीचे सगळे विभाग जोडणारी संगणक प्रणाली), ब्लॉकचेन, एआय: व्यवस्थापनाच्या जगात दर काही वर्षांनी एक नवा शब्द चलनात येतो. ‘प्रतिस्पर्ध्याने घेतले, मग आपले काय?’ असे संचालक मंडळाच्या बैठकीत कोणी विचारले की अडचण कोणती हे ठरण्याआधीच खरेदी ठरते. अशा वेळी प्रस्तावातून त्या तंत्रज्ञानाचे नाव खोडून तो पुन्हा वाचावा. अडचण आणि तिच्यापायी आज होणारा खर्च तरीही दिसत असेल, तरच पुढे जावे.

घाईची चूक अधिक महागात पडते. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चून ईआरपी विकणाऱ्या एसएपीसह तीन कंपन्यांच्या संगणक प्रणाली एकदम बसवल्या. ४८ महिन्यांचे काम ३० महिन्यांत उरकायचे ठरले, आणि एप्रिलचा मुहूर्त हुकून प्रणाली सुरू झाली ती जुलै १९९९ मध्ये, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीन या सणासाठी चॉकलेटची मागणी येऊ लागते त्याच सुमारास. (आपला मिठाईवालाही दिवाळीच्या तोंडावर भट्टी बदलत नाही.) गोदामात माल असूनही दुकानांत पोहोचेना, कारण हंगामात माल तात्पुरता ठेवण्याच्या काही जागा प्रणालीत नोंदवलेल्याच नव्हत्या. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. म्हणून मागणी कमी असते असा काळ निवडावा, एकेक विभाग घ्यावा आणि आराखडा पक्का करण्याआधी गोदाम सांभाळणाऱ्यांशी बोलावे.

जर्मनीच्या लिडल या किराणा दुकानांच्या साखळीची चूक निराळी होती. तिच्याकडे मालसाठ्याचा हिशेब खरेदी किमतीने होई, तर एसएपीच्या तयार प्रणालीत तो विक्री किमतीने होता. कंपनीने आपली पद्धत न सोडता प्रणालीच वाकवत नेली आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला. आपली कोणती पद्धत हे बलस्थान आहे आणि कोणती निव्वळ सवय, याचा निवाडा करारावर सही होण्याआधीच व्हायला हवा.

प्रणाली घेऊन झाली असेल आणि तरीही कामे अडत असतील, तर सल्लागाराला पुन्हा बोलावण्याआधी कर्मचारी आजही गुपचूप सांभाळत असलेल्या एक्सेलच्या फाइली आणि वह्या मागवाव्यात. त्याबद्दल कोणाला रागावू नये. प्रणालीत काय राहून गेले आहे, त्याची सर्वांत अचूक यादी तिथेच सापडते.