शिकाऊ चालकाच्या शेजारी बसताना

मोटार ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणी संपते त्या दिवशी बहुतेक मुलांना गाडी सुरू करून सरळ नेता येत असते, आणि तेही शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे या भरवशावर. नियमाप्रमाणे हलक्या मोटारीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास असतात. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांचा पुढचा सराव वडील किंवा मामा करून घेतात. ज्यांच्या घरी ती नाही, अशी सुरक्षारक्षकाची, घरकाम करणाऱ्या ताईंची किंवा नुकत्याच गावाहून आलेल्या कुटुंबातील मुले शिकवणीनंतर स्टेअरिंगला हात लावतात ते थेट परीक्षेच्या दिवशी. ठाणे आणि नवी मुंबईतील मोठ्या सोसायट्यांमध्ये अनुभवी आणि सकाळचा वेळ मोकळा असलेले चालक पुष्कळ आहेत. त्यांनी अशा मुलांसोबत बसून सराव करून घ्यायचा ठरवला, तर काय करावे आणि काय टाळावे, हे येथे सांगितले आहे.

ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालील शिकाऊ चालकाला परीक्षेआधी १२० तासांचा सराव वहीत नोंदवावा लागतो, आणि ज्यांना गाडी किंवा सोबत बसणारा जाणता माणूस मिळत नाही त्यांच्यासाठी तेथे ‘एल-टू-पी’ नावाचा स्वयंसेवकांचा कार्यक्रम चालतो. आपल्याकडे खासगी मोटारीच्या परवान्यासाठी तासांची अशी अट नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवस गेले की परीक्षा देता येते. त्यामुळे किती सराव पुरेसा, हे सोबत्यालाच ठरवावे लागते.

प्रथम कायद्याचे पाहू, कारण चांगल्या मनाने केलेले काम येथेच अंगाशी येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तिसऱ्या नियमानुसार शिकाऊ परवानाधारकाच्या सोबत त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असलेली व्यक्ती हवी, आणि ती गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेली हवी. मागच्या सीटवर बसून सूचना देणे या नियमात बसत नाही. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पृष्ठभागावर लाल ‘एल’ हवा. त्याची पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच असावे, असेही नियमात आहे. काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेले तळहाताएवढे स्टिकर त्यात मोडत नाही.

सोबत्याने दुसऱ्याचे कागद तपासण्याआधी स्वतःचा परवाना काढून त्यावरची तारीख पाहावी. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते, आणि निवृत्त मंडळींपैकी अनेकांच्या ते ध्यानात नसते. मुदत संपलेला सोबती म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सोबतच नाही. याचा थेट संबंध विम्याशी येतो. खासगी मोटारीच्या पॉलिसीतील चालकासंबंधीचे कलम शिकाऊ परवानाधारकाला गाडी चालवू देते, पण तिसऱ्या नियमाचे पालन झाले असेल तरच. गाडी कोणाची वापरायची हे ठरण्याआधी मालकाने हे कलम स्वतः वाचावे आणि आपली संमती लेखी द्यावी.

पैशांबाबत एकच सांगणे आहे: घेऊ नयेत. मोबदला घेऊन वाहन चालवायला शिकवण्यासाठी परिवहन खात्याचा स्वतंत्र परवाना लागतो आणि तो ड्रायव्हिंग स्कूललाच असतो. माझ्या मते पेट्रोलचे पैसेही नाकारावेत. एकदा हिशेब सुरू झाला की खर्च कोणता आणि मोबदला कोणता, हे सांगत बसावे लागते.

वयाची अट पालकांना अनेकदा अर्धवट माहीत असते. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरता असतो, आणि आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. त्यामुळे व्यवहारात १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच सोबत घ्यावे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही.

शिकाऊ परवान्याचा अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर होतो आणि आधारच्या आधारे त्यासाठीची चाचणी घरबसल्याही देता येते. येथे मुले अडतात ती प्रश्नांवर क्वचितच. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा असतो, वडील गावी असतात आणि ओटीपी तेथे जातो. क्रमांक आधी दुरुस्त करून घ्यावा. चाचणीत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात, पण चिन्हे पाठ करून घेण्यापेक्षा रस्त्याने चालताना ती दाखवावीत. गाडी, कागद आणि तारीख यांची व्यवस्था ‘मी करून देतो’ असे सांगणारा कोणी भेटला, तर सोबत्याने त्या मुलाच्या देखत त्याला नाही म्हणावे.

आता प्रत्यक्ष सरावाकडे वळू. आपल्या गाडीला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीसारखा दुहेरी ब्रेक नसतो, त्यामुळे सोबत्याच्या हाती उरतो तो हँडब्रेक. पहिल्या दिवशी मोकळ्या जागी, ताशी दहा-पंधराच्या वेगात, शेजारच्या सीटवरून तो ओढून गाडी कशी थांबते हे दोघांनीही अनुभवावे. हँडब्रेकच्या जागी बटण असलेल्या गाड्यांत ते बटण कसे वापरायचे आणि गाडी थांबायला किती अंतर लागते, हे शिकाऊ मुलाला बसवण्याआधीच करून पाहावे. ज्या गाडीचे बटण चालकाच्या उजव्या हाताशी असते ती गाडी या कामासाठी घेऊ नये. सोबत्यासाठी एक जास्तीचा आरसा पुढच्या काचेवर चिकटवला, तर मागून काय येत आहे हे मान न वळवता दिसते.

शब्द आधी ठरवून घ्यावेत. ‘राइट’ हा शब्द गाडीत वर्ज्य समजावा. आपण ‘बरोबर’ अशा अर्थाने ‘राइट, राइट’ म्हणतो आणि मूल उजवीकडे स्टेअरिंग फिरवते; माझ्याच गाडीत हे दोनदा घडले आहे. ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ असेच म्हणावे, आणि आधी जागा, मग कृती सांगावी: ‘पुढच्या सिग्नलला, डावीकडे.’ थांबवण्यासाठी ‘थांब’ हा एकच शब्द ठेवावा. पहिल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर गाडी बंद पडून मागे सरकू लागली, तेव्हा मी ‘ब्रेक, ब्रेक!’ असा ओरडलो. घाबरलेल्या मुलाने दोन्ही पाय उचलले, आणि मी हँडब्रेक ओढेपर्यंत मागचा बंपर खांबाला टेकला होता. त्यात चूक मुलाची नव्हती. चढावर गाडी कशी उचलायची हे आधी न शिकवता मी त्याला रॅम्पवर नेले होते.

तो चढ असा शिकवावा. हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिला गिअर टाकायला सांगावे आणि क्लच इतका हळू सोडायला सांगावा की पाय हलतो आहे हे त्याचे त्यालाच जेमतेम कळावे. एका क्षणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलल्यासारखे दिसते. तेथे पाय स्थिर ठेवून पाचपर्यंत मोजायला लावावे. गाडी पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. मग थोडा ॲक्सिलरेटर देऊन हँडब्रेक खाली करावा. हाफ क्लचची ही जागा पायाला एकदा सापडली की चढाची भीती निम्मी जाते. पहिल्या दिवशी तीस वेळा हेच करावे आणि घरी परत यावे. त्या दिवशी रस्त्यावर जाण्याची गरज नाही. फार वेळ हाफ क्लचवर राहिल्याने जळका वास येऊ लागला, तर पंधरा मिनिटे गाडी थंड होऊ द्यावी. गाडी आपली आहे, हे विसरू नये.

रस्ते निवडताना ठाणे आणि नवी मुंबई यांचा स्वभाव वेगळा आहे, हे लक्षात घ्यावे. वाशी, नेरूळ, खारघर येथील सेक्टरांचे अंतर्गत रस्ते सकाळी साडेसहाला शांत आणि सरळ असतात, आणि गोल चौकांचा सराव तेथे उत्तम होतो. चौकात आधीच फिरत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे आणि ते आपल्या उजवीकडून येते, एवढे सूत्र पुरे. याच सरळपणाने मुले फसतात, कारण त्यानंतर त्यांना पाम बीच मार्गावर जायचे असते. तेथे वेग वाढतो, आणि पहाटे सायकलस्वारही असतात. पहिले दहा-बारा दिवस तिकडे फिरकू नये. ठाण्यात उलट, गोखले रोड आणि राम मारुती रोड यांसारख्या बाजाराच्या रस्त्यांवर वेग नसतो, पण उभ्या मोटारीचे दार, मध्येच थांबलेली दुचाकी आणि खरेदीसाठी उतरलेले कुटुंब यांवर एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते. म्हणून ठाणेकर मुलांना आधी वसाहतींच्या आतले रस्ते, मग कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी वागळे इस्टेट, आणि शेवटी बाजार, असे न्यावे. घोडबंदर रस्त्यावरील अवजड वाहनांशी ओळख करून द्यावीच, पण दिवसाउजेडी. ट्रकच्या डाव्या बाजूला रेंगाळल्यास त्याच्या चालकाला आपण दिसत नाही, हे तेथे एकदा दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही.

माजिवडा किंवा कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी बंद पडणार, हे गृहीत धरावे. मागून रिक्षा, बस आणि दुचाकी एकदम हॉर्न वाजवतात, मूल चावी फिरवते, क्लच दाबायला विसरते आणि गाडी पुन्हा धक्का देऊन बंद पडते. अशा वेळी सोबत्याने मागे वळून पाहू नये. ‘मागच्यांना वाजवू दे. क्लच, न्यूट्रल, चावी,’ एवढेच, नेहमीच्या आवाजात, म्हणावे. मला ‘काका’ म्हणणारी एक मुलगी चौथ्या वेळी बंद पडलेल्या गाडीत स्वतःशीच ‘क्लच, न्यूट्रल, चावी’ पुटपुटत होती, आणि तेव्हापासून तिला माझी फारशी गरज उरली नाही.

पंधराएक दिवसांनंतर मुलाला बोलत गाडी चालवायला सांगावे. समोर जे दिसते आणि त्यातून जे घडू शकते ते त्याने मोठ्याने म्हणायचे: ‘डावीकडे शाळेची बस उभी आहे, पुढून मूल येऊ शकते, मी वेग कमी करतो.’ त्याने कोणत्या गोष्टीचा उल्लेखच केला नाही, यावरून त्याची नजर कोठे जात नाही हे समजते. बहुतेकांचा डावा आरसा राहून जातो, आणि आपल्या शहरांत दुचाकी डावीकडूनच येते.

एका वेळी ४५ मिनिटे पुरेत. मोबाइल दोघांचेही बंद असावेत. मुलगी असेल तर मार्ग आणि परतीची वेळ घरी कळवलेली असावी, आणि सुरुवातीला आई किंवा भाऊ मागे बसला तर सर्वांनाच मोकळेपणा वाटतो. सोबत्याने एक वही ठेवावी. माझ्या वहीतील नोंद अशी असते: ‘सकाळी ६.४० ते ७.२५, वसाहत आणि सर्व्हिस रोड, ९ किलोमीटर. दोनदा बंद. वळताना दुसऱ्या गिअरऐवजी चौथा. डावा आरसा तीनदा विसरला.’ दोन आठवड्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की पुढच्या खेपेला काय घ्यायचे हे वेगळे ठरवावे लागत नाही.

दुचाकीबद्दल थोडक्यात. मागे बसलेल्या सोबत्याचा ब्रेकवर ताबा नसतो, म्हणून तोल, वळण आणि पाय न टेकता आठचा आकडा हे सारे मोकळ्या मैदानावर पक्के झाल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. सरावाच्या काळात मित्राला मागे बसवता येत नाही, आणि हेल्मेट दोघांनाही लागते.

पावसाळा टाळू नये. पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल आणि धूळ मिसळून निसरडे होते, तेव्हा रिकाम्या रस्त्यावर ब्रेक किती लवकर दाबावा लागतो हे दाखवावे; आतून धुके धरलेली काच एसीने कशी साफ होते हेही मुलांना माहीत नसते. रस्त्यावर पाणी साचलेले दिसले, तर मात्र सराव तेथेच थांबवावा.

परीक्षेची तारीख ३० दिवस पूर्ण होताच मिळेल अशी ठेवावी. परीक्षेला गाडी आपणच न्यायची असते, म्हणून नोंदणी, विमा आणि पीयूसी यांच्या तारखा आदल्या आठवड्यात पाहाव्यात, आणि ज्या गाडीवर सराव झाला तीच न्यावी. ठाण्याची एमएच-०४, वाशीची एमएच-४३ आणि पनवेलची एमएच-४६ ही कार्यालये वेगवेगळी आहेत, तेव्हा अर्ज करताना कोणते निवडले होते ते पाहून ठेवावे. आठचा आकडा, रिव्हर्स आणि चढ यांत सारे कौशल्य दिसते, असे मुले समजतात. सीटबेल्ट, आरसा आणि इंडिकेटर यांकडे परीक्षक तितकेच पाहतात. आदल्या दिवशी नवीन काही शिकवू नये.

नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र ६० दिवस थांबावे लागते, आणि शिकाऊ परवाना अवघे सहा महिने चालतो. त्यामुळे ‘अजून थोडा सराव होऊ दे’ म्हणत पहिली परीक्षा पाचव्या महिन्यावर ढकलू नये; दुसऱ्या महिन्यात एकदा देऊन टाकावी आणि जेथे अडले तेवढेच पुढच्या आठवड्यात घोटवून घ्यावे.