वसाहतकाळातल्या अमेरिकन कागदावरची तारीख कशी लावावी

जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलमध्ये त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/२ असा नोंदवला आहे. आपण वाचतो ती तारीख २२ फेब्रुवारी १७३२. दोन्ही बरोबर आहेत. फरक दोन वेगळ्या कारणांनी पडतो, एक वर्षाचा आणि एक दिवसांचा. ही दुरुस्ती एकाच झटक्यात करायला गेलं की घोळ होतो.

आधी वर्ष. ब्रिटिश वसाहतींत १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख असेल तरच शंका घ्यायची. एरवी वर्ष आहे तसंच ठेवायचं. तिरकी रेघ असेल (१६९१/२) तर नंतरचा आकडा आपला. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटूक-खटल्यांतली पहिली वॉरंटं २९ फेब्रुवारी १६९१/२ ची, म्हणून आपल्या हिशेबाने १६९२ ची. रेघ नसेल तर घाईने एक मिळवू नका. पंचांगं तेव्हाही जानेवारीपासूनच छापत, आणि काही लोक वर्षही तसंच धरत. नोंदवही असेल तर मागची-पुढची पानं बघा: डिसेंबर १७१० च्या पाठोपाठ जानेवारी १७१० आला, तर तो आपला १७११. एकाच वहीत लग्न मे १७२० आणि मूल फेब्रुवारी १७२० दिसलं, तर कुटुंबाची अब्रू काढण्याआधी हे आठवावं. मूल नऊ महिन्यांनी झालेलं आहे.

वही नसून सुटा दस्त असेल तर राजाच्या कारकिर्दीचं वर्ष शोधा. पुराव्यात याहून भक्कम काही नाही. दुसऱ्या जॉर्जचं १२वं वर्ष जुन्या पद्धतीने (ज्युलियन दिनदर्शिकेने) ११ जून १७३८ ते १० जून १७३९. तेव्हा ‘१० फेब्रुवारी १७३८, कारकिर्दीचं १२वं वर्ष’ म्हणजे १७३९ च. दुसऱ्या चार्ल्सपाशी मात्र जपून. तो १६६० मध्ये गादीवर परतला, पण कारकीर्द बापाच्या शिरच्छेदापासून, ३० जानेवारी १६४९ पासून मोजली गेली. त्यामुळे १६६० च्या उन्हाळ्यातल्या कागदावर थेट १२वं वर्ष दिसतं.

महिन्यांतही फसगत होते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी महिन्यांची नावं घेत नसत, आकडे लिहीत. १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च, म्हणून ‘१२वा महिना १७०१’ म्हणजे आपला फेब्रुवारी १७०२. १७५२ पासून पहिला महिना जानेवारी. इतरांच्या कागदांत ७ च्या आकड्याला ‘बर’ जोडलेलं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. रोमन दहाला ‘बर’ म्हणजे डिसेंबर.

आता दिवस. जुन्या पद्धतीची तारीख नव्या, म्हणजे आजच्या ग्रेगोरियन पद्धतीत आणायला फेब्रुवारी १७०० च्या २८ तारखेपर्यंत १० दिवस मिळवायचे, त्यानंतर ११. (१७०० हे जुन्या पद्धतीत लीप वर्ष होतं, नव्यात नव्हतं.) मेफ्लॉवर जहाजावरच्या इंग्रज वसाहतकारांची पहिली तुकडी प्लिमथला उतरली ती ११ डिसेंबर १६२० ला, म्हणजे नव्या पद्धतीने २१ डिसेंबर. १७६९ मध्ये प्लिमथच्याच ओल्ड कॉलनी क्लबने सवयीने ११ दिवस मिळवले आणि २२ तारखेला उत्सव केला. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी नवी पद्धत घेतली तेव्हा २ सप्टेंबर १७५२, बुधवार, याच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर, गुरुवार आला. वारांची साखळी तुटली नाही, म्हणून कागदावर वार असेल तर गणित पडताळता येतं.

न्यू ॲमस्टरडॅमच्या (१६६४ मध्ये इंग्रजांनी घेतलेल्या, आजच्या न्यूयॉर्कच्या) डच कारभाराचे कागद मुळातच नव्या पद्धतीचे. १६६४ पूर्वीच्या त्या तारखांत काहीही मिळवू नका.

टिपणात मूळ तारीख जशीच्या तशी उतरवा आणि दुरुस्ती चौकटी कंसात द्या. वर्ष नेहमी दुरुस्त करा, दिवस गरज असेल तरच. १७५२ पूर्वीची लंडनची (जुन्या पद्धतीची) आणि पॅरिसची (नव्या पद्धतीची) पत्रं शेजारी ठेवून वाचताना ती गरज पडते. छापील आवृत्तीतून तारीख घेत असाल तर संपादकाने आधीच बदल केलाय का ते प्रस्तावनेत पाहा. नाहीतर वॉशिंग्टनच्या ११ फेब्रुवारीचे २२ होतात आणि २२ चे मुकाट्याने ४ मार्च.

प्रजासत्ताकाच्या कागदांवर राजाच्या जागी स्वातंत्र्याचं वर्ष येतं. पहिलं वर्ष ४ जुलै १७७६ ते ३ जुलै १७७७. म्हणूनच १७ सप्टेंबर १७८७ च्या राज्यघटनेवर ‘बारावं’ आहे. १७८७ मधून १७७६ वजा करणाऱ्याला अकरा मिळतात आणि तो लेखनिकाला दोष देतो.