कॉलेज सांभाळून काम कसं शोधायचं : जळगाव, धुळे, नंदुरबारच्या विद्यार्थ्यांसाठी

काम शोधायला निघण्याआधी आठवड्याचं वेळापत्रक एका कागदावर मांडा : तासिका, प्रॅक्टिकल आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी. अप-डाऊन करणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा या शेवटच्या गाडीवरच अडतं. दुकान रात्री 9 ला बंद होणार आणि तुमची गाडी साडेसातला, तर "मी 7 ला निघेन" हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. नंतर रोज घड्याळाकडे बघत उभा राहणारा पोरगा कुठल्याच शेठला चालत नाही.

पहिली चौकशी कॉलेजातच करा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा तुमच्या कॉलेजात 'कमवा व शिका' योजना यंदा चालू आहे का, ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयातल्या नोंदी, प्रयोगशाळा, बाग अशी कामं मिळतात आणि मोबदला तासावर असतो. पैसे थोडे, पण तासिका बुडत नाहीत. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच घेतात. आधार, बँक पासबुक, फी पावती आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स तयार ठेवा. दाखल्यासाठी ऐनवेळी सेतूत धावलात तर मुदत टळून जाते. मोबदला बिल मंजूर झाल्यावर मिळतो, म्हणून त्याच्या भरवशावर खोलीभाडं ठरवू नका.

बाहेरचं काम मात्र हंगामावर चालतं. जून-जुलैत कृषी सेवा केंद्रांत बियाणं-खतांची झुंबड उडते. तिथे बिलं फाडायला, माल काढून द्यायला हात कमी पडतात आणि अहिराणी बोलणारा मुलगा काउंटरवर जास्त उपयोगी ठरतो. दिवाळीत कापड दुकानं जादा माणसं घेतात, पण हिवाळी सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात. परीक्षेची तारीख लागलेली नसेल तर "परीक्षेच्या दिवशी येणार नाही" एवढं तरी आधी कबूल करून घ्या. दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर पावत्या लिहायचं काम निघतं, मग लग्नसराईत केटरिंगला वाढप्यांची गरज पडते. केटरिंगचे पैसे रोख मिळतात, पण घरी पोहोचायला मध्यरात्र होते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल असेल तर नको.

कॉमर्सच्या मुलांनी टॅली शिकून करसल्लागारांकडे जावं. जीएसटीची विवरणपत्रं साधारणपणे महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला भरायची असतात, त्यामुळे त्याआधीचे आठ दिवस बिलांच्या नोंदी करायला माणूस हवाच असतो. पुढे नोकरीला अनुभव म्हणून दाखवता येईल असं हे काम आहे. आमच्या मते दुकानापेक्षा दोन पैसे कमी मिळाले तरी घ्यावं. घरगुती शिकवणीत फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या. दहावी-बारावीचे विद्यार्थी मार्चनंतर गळतात, तेव्हा उन्हाळ्याची सोय आधीच बघा.

दुकानात विचारायला संध्याकाळी गर्दीत जाऊ नका. सकाळी दुकान उघडून झाडलोट झाली की शेठ निवांत असतात. बोलणं थोडक्यात ठेवा : "शेठ, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारी 2 ते 6 रोज येऊ शकतो. हिशेब, बिलिंग जमतं. माणूस लागणार आहे का?" नाही म्हणाले तर नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून या. सणाच्या तोंडावर कोणी काम सोडलं की अशी चिठ्ठी कामाला येते.

पगार महिन्याचा ऐकू नका, तासाचा काढा. समजा 4,500 रुपये, 26 दिवस, रोज 4 तास. म्हणजे 104 तासांचे 4,500, तासाला साधारण 43 रुपये. येण्याजाण्याला रोज 20 रुपये जादा लागत असतील तर महिन्याचे 520 वजा करा; उरतात तासाला 38. डिलिव्हरीच्या कामात पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि टायरची झीज धरल्याशिवाय हा आकडा खरा निघत नाही, आणि शिकाऊ लायसनवर ते काम करता येत नाही. किमान वेतनाचे चालू दर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात कळतात, पगार अडकला तरी तक्रार तिथेच करायची. त्यासाठी पुरावा लागतो : रोजची हजेरी वहीत लिहा, घेतलेली उचल तारखेसह मांडा, आठवड्यातून एकदा शेठना व्हॉट्सॲपवर "या आठवड्यात 22 तास झाले" असा साधा मेसेज टाका.

घरबसल्या डेटा एन्ट्री, व्हिडिओ लाइक करून कमाई, असल्या जाहिरातींपासून लांब राहा. काम देण्याआधी नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागितलं की विषय तिथेच संपवा. टास्कच्या नावाखाली आधी थोडे पैसे परत देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात. त्याहून वाईट म्हणजे "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो". त्या खात्यावरून फसवणुकीचे पैसे फिरतात, खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस खातेदाराच्या नावाने येते. शिष्यवृत्तीही त्याच खात्यात अडकून पडते. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोहोचली तरच ते थांबवता येतात.