मित्रांसोबत भंडारदऱ्यात तीन दिवस शिडाची बोट : नाशिकहून बेत कसा आखावा

नाशिककराला धरणाची टक्केवारी तोंडपाठ असते. जुलै उजाडला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ‘गंगापूर किती भरलं?’ हाच. पण त्या पाण्यावर वाऱ्याच्या जोरावर दोन-तीन दिवस फिरता येतं का, हे फारसं कुणी विचारत नाही. फिरता येतं. मात्र परदेशी व्हिडिओत दिसतं तसं, बोटीतच झोपायचं आणि बोटीतच स्वयंपाक करायचा, हे डोक्यातून काढून टाका. आपल्या धरणांवर तशा केबिनच्या बोटी नाहीत आणि अंधारात पाण्यावर राहणं शहाणपणाचंही नाही. दिवस पाण्यावर आणि रात्र काठावर असा बेत ठरवलात की पुढचं बरंच सोपं होतं.

पाणी कुठलं निवडायचं

गंगापूर सगळ्यात जवळ. १९६५ साली पूर्ण झालेलं हे मातीचं धरण शहराला पाणी पाजतं, आणि काठावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे. हवा अंगावर घ्यायला, बोटीत बसायची सवय करायला ही जागा झकास. तीन दिवस मुक्काम ठोकून स्वतःची शिडं फिरवायला नाही. पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, तिथे निर्बंध असणारच.

माझं मत विचाराल तर भंडारदरा. जिल्हा अहिल्यानगर असला तरी नाशिकहून साधारण ७० किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गाने घोटी आणि तिथून बारीवरून शेंडी. प्रवरेवरचं हे दगडी धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. भिंतीला विल्सन डॅम आणि जलाशयाला आर्थर लेक ही नावं तेव्हापासूनची. गंगापूरची क्षमता ५६३० दशलक्ष घनफूट, भंडारदऱ्याची ११,०३९, म्हणजे जवळपास दुप्पट. शिवाय पाणी लांबट आहे. एका टोकाला धरणाची भिंत, दुसऱ्या टोकाला रतनवाडी आणि वर रतनगड. शिडाच्या सहलीला असं ‘इथून तिथे जायचं’ काहीतरी लागतंच, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोल गोल फिरून मंडळी कंटाळतात.

माणसं आधी, बोटी नंतर

पाण्यावर सहा जण, प्रत्येकी दोघांच्या तीन बोटी आणि काठावर सातवा एक, हा हिशेब चांगला जमतो. प्रत्येक बोटीत एक तरी माणूस रीतसर शिकलेला हवाच. मुंबईत कुलाब्याच्या बाजूला शिडाची बोट शिकवणारे क्लब आहेत. प्राथमिक कोर्स करा आणि नंतर काही शनिवार-रविवार सराव करा. ‘मी बघून बघून शिकलो’ म्हणणाऱ्याला पुढच्या बाजूला बसवा, सुकाणू देऊ नका. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवायला उतरला. त्यालाही नाव चालवायचं शिक्षण सैन्यात गेल्यावरच मिळालं, गावात नाही. पाण्याचं काम आपोआप येत नाही.

पोहता येणं ही दुसरी अट. त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावात सगळ्यांनी एकदा एकत्र जावं. कोण न थांबता ५० मीटर जातो आणि कोण कठडा धरून गप्पा मारतो, ते तिथे लगेच कळतं. पोहता येत नसेल तर मैत्री राहू द्या, पण त्या मित्राला काठावरची जबाबदारी द्या. ती जबाबदारीही हलकी नाही, ते पुढे येईलच.

दोघांसाठी एंटरप्राइज ही बोट आपल्याकडे ओळखीची आहे. लांबी चार मीटरच्या आसपास, वजन दोघातिघांना उचलून काठापर्यंत नेता येईल एवढं. लेझर एकट्यासाठी, ती नवख्याला चांगलीच दमवते. बोटी क्लबकडून भाड्याने घ्या आणि छोट्या टेम्पोवर आणा. टेम्पोबाहेर आलेल्या डोलकाठीच्या टोकाला लाल फडकं बांधा. काठावर डोलकाठी उभी करायच्या आधी मान वर करून विजेच्या तारा बघा. धातूची काठी आणि तार हा अपघात पाण्यात पडण्यापेक्षा कितीतरी भयंकर.

परवानगीचा कागद

हा भाग कंटाळवाणा आहे आणि टाळता येत नाही. जलाशय जलसंपदा विभागाचा, म्हणून पहिला अर्ज त्यांच्याकडे. काठाचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून मुक्कामाबद्दल वनविभागाला विचारायचं. महिनाभर आधी सुरुवात करा. अर्जात सगळ्यांची नावं, तारखा, बोटींची संख्या, इंजिन नसल्याचं, लाइफ जॅकेट असल्याचं आणि काठावर थांबणाऱ्या माणसाचा फोन नंबर लिहा. तोंडी होकारावर तीन बोटी घेऊन जाऊ नका, पोच घेतलेली प्रत खिशात हवी. लेखी परवानगी मिळालीच नाही, तर स्वतःची शिडं घरी ठेवा आणि शेंडीतल्या नावाड्याची बोट ठरवून हाच बेत करा. मजा थोडी कमी होईल, बेत मोडणार नाही.

शेंडीत पोहोचलात की मासेमारी करणाऱ्यांना गाठा. ‘मामा, जाळी कुठे लावलीत?’ एवढं विचारलं तरी काम होतं. संध्याकाळी जाळी सोडतात, पहाटे काढतात, पण काही दिवसाही पाण्यात असतात. वर तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीत दिसल्या की समजायचं, खाली जाळं आहे. बोटीचा सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी फळी, त्यात अडकला तर बोट जागच्या जागी थांबते आणि मामांचं जाळं फाटतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, मग मासे पकडणाऱ्याशी तर अजिबातच नको. यांच्यातल्याच एखाद्याला मोटरबोटीसह तीन दिवसांसाठी मदतीला ठरवा. सगळ्यात उपयोगी पडणारा खर्च हाच.

ऋतू आणि वारा

पावसाळा बाद. वारा बेभरवशाचा, शिवाय धरण भरलं की विसर्ग सुरू होतो. नोव्हेंबर ते जानेवारी पाणी भरपूर, पण सकाळचा वारा इतका मंद की शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबतं. थंडीही असते. ओल्या कपड्यांनी संध्याकाळपर्यंत बसलात तर दात वाजतात. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, पण वळवाचा भरवसा नसतो. आवर्तनं सुटून पाणी उतरलेलं असतं, बुडालेले बांध आणि झाडांची खोडं वर येतात. म्हणून फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. वारा असतो, ऊन सोसतं, आणि नाशिकहून निघताना गाडीत द्राक्षाच्या दोन पेट्या टाकता येतात.

वारा मोजायला यंत्र नसलं तरी चालतं, पाणी वाचा. नुसत्या बारीक लहरी म्हणजे सरावाला उत्तम. इथे-तिथे पांढरा फेस दिसू लागला की वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात, म्हणजे मजा सुरू. सगळीकडेच फेस दिसतोय म्हणजे २० च्या पुढे, नवख्यांनी शीड लहान करायचं किंवा काठ गाठायचा. ३० च्या आसपास गेला तर कुणीच हौस करू नये. डोंगरांमधल्या पाण्यावर वारा झोतांनी येतो. पाण्यावरून काळसर पट्टा सरकत तुमच्याकडे येताना दिसला तर तो झोत आहे. तो पोहोचायच्या आत शिडाची दोरी थोडी सैल करायला तयार राहा. दोरी बोटीला गाठ मारून बांधून टाकायची नाही, हातातच ठेवायची.

तीन दिवसांचं गणित

पहिल्या दिवशी पहाटे सहाला नाशिक सोडा. घोटीत तांदूळ घ्या, भाताच्या गिरण्यांचं गाव आहे. बोटी जोडायला सहज दोन तास जातात. त्या दिवशी काठावरून दिसेल एवढ्याच पाण्यात राहायचं आणि एक काम आवर्जून करायचं. बोट मुद्दाम उलटवायची, मदतीची मोटरबोट जवळ उभी असताना.

क्रम असा. बोट आडवी झाली की आधी एकमेकांची नावं घेऊन हाका मारा, दोघंही वर आलेत ना. बोट सोडून काठाकडे पोहायचं नाही, उलटलेली बोट लांबून दिसते, पोहणाऱ्याचं डोकं दिसत नाही. शिडाची दोरी मोकळी आहे ना ते पाहा. बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवा. मग एकाने तळाच्या बाजूला जाऊन सेंटरबोर्ड धरायचा, त्यावर चढून बोटीची कड पकडायची आणि पाठीमागे झुकायचं. दुसऱ्याने आतल्या बाजूला, बोटीतला पाय अडकवायचा पट्टा धरून पाण्यातच आडवं राहायचं. शीड पाण्यातून सुटताना क्षणभर काहीच होत नाही असं वाटतं, मग बोट एकदम उभी होते आणि आतला माणूस तिच्याबरोबर वर उचलला जातो. त्याने लगेच बादलीने पाणी उपसायला घ्यायचं आणि दुसऱ्याला मागच्या बाजूने आत ओढायचं. बोटीत पाणी असेपर्यंत ती डुलतच राहते, उभं राहू नका. घाबरायचं ते इथेच, पहिल्या दुपारी घाबरून घ्यावं.

दुसरा दिवस रतनवाडीचा. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत नागमोडी जावं लागतं. म्हणजे सरळ ५ किलोमीटरचं अंतर जवळजवळ ७ चं होतं, शिवाय वेगही कमी. दुपारचा वारा पश्चिमेचा असेल तर रतनवाडीकडे जाणं कष्टाचं आणि येणं झोकात, हा क्रम आपल्या फायद्याचा. उलट सकाळी पाठीशी वारा घेऊन मंडळी खुशीत लांब गेली तर परतताना सगळं वसूल होतं.

हाताशी दहा ते चार असे सहा तास आहेत असं धरू. वारा पाठीशी असेल तर बारा वाजता, असाल तिथून, मागे फिरायचं. वारा समोरून असेल तर एक वाजेपर्यंत जायला हरकत नाही. दोन वाजेपर्यंत ताणू नका, कारण दिवस मावळायच्या सुमारास वारा पडतो आणि मग वल्हीच कामाला येतात. म्हणून प्रत्येक बोटीत दोन वल्ही हवीतच. वेळेत रतनवाडीला पोहोचलात तर अमृतेश्वराचं मंदिर आणि शेजारची पुष्करणी बघा. कोरीवकाम असं आहे की गप्पिष्ट मंडळीही थोडा वेळ गप्प होतात. रतनगड चढायचा मोह मात्र आवरा, ती वेगळी सहल आहे.

पाठीवर वारा घेऊन येताना शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फटकन जातं आणि शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, डोक्याच्या उंचीवरून फिरतो. सुकाणूवाल्याने आधी ओरडून सांगायचं, सगळ्यांनी वाकायचं, मगच वळवायचं. सायकलचं हेल्मेट घातलं तर कुणी हसणार नाही, आणि हसलं तर हसू दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतच पाणी. थकलेली मंडळी आणि घरी जायची घाई, यातून चुका होतात.

काठावरचा माणूस

रोज एक जण काठावर थांबतो. त्याच्याकडे कोण कुठल्या बोटीत याची यादी, परतायची ठरलेली वेळ आणि चार्ज केलेला फोन असतो. रेंज सगळीकडे सारखी नाही, म्हणून जिथे हमखास मिळते ती जागा पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास वाट बघायची, मग मोटरबोट पाठवायची, मग ११२. ‘येतील रे, मजा करत असतील’ असं म्हणणारा माणूस या कामाला नको.

बाकीचं सामान, थोडक्यात

लाइफ जॅकेट प्रत्येकाला मापाचं, पाण्यावर असेपर्यंत अंगात. पट्टीच्या पोहणाऱ्याला ५० न्यूटनचं (हे तरंगवायच्या ताकदीचं माप) चालतं, बाकीच्यांनी १०० चं घ्यावं. गळ्यात शिट्टी. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल, कारण काठचा चिखल चप्पल गिळतो. फोन दुहेरी झिप पिशवीत. सुती जीन्स नको, भिजली की सुकत नाही. कोरडे कपडे काठावरच ठेवा. पाण्यावर दारू नाही, या एका मुद्द्यावर मतदान घेऊ नका.

जेवण काठावर साधं ठेवा. सकाळी पोहे, बोटीत चिवडा, गूळ-शेंगदाणे, द्राक्षं आणि माणशी तीन लिटर पाणी. रात्री खिचडी, किंवा गावातल्या मावशींना आदल्या दिवशी सांगून भाकरी आणि ठेचा. कचरा नाशिकला परत आणायचा.

रात्री बोटी पूर्ण काठावर ओढून, शीड उतरवून, खुंट्याला बांधा. धरणाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याच्या बाजूला दिवसाही फिरकू नका.

निघताना मोटरबोटवाल्या दादांचा हिशेब तिथेच चुकता करा. ज्या कार्यालयाची परवानगी घेतली त्यांना ‘सगळे बाहेर आलो’ असा एक फोन करा, पुढच्या खेपेला तोच फोन कामी येतो. शिडं ओली गुंडाळून ठेवलीत तर आठवड्यात बुरशी धरते, म्हणून घरी पोहोचल्यावर गच्चीत सावलीला पसरा. दोऱ्या गोड्या पाण्याने धुवायची गरज नाही, पण चिखल मात्र झाडून काढा.