कूलर घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की आमच्याकडे माळ्यावरचे आणि गोठ्यातले कूलर अंगणात येतात, त्यांच्या बाजूंच्या गवती ताट्या झटकल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या घरांत कोणी ना कोणी पेचकस घेऊन बसलेला दिसतो. त्यात गैर काहीच नाही, कारण तालुक्याला मोटर नेऊन परत आणण्यात अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. चूक होते ती क्रमात. आपण आधी यंत्र उघडतो आणि तारेकडे शेवटी पाहतो. बिघाड मात्र पुष्कळदा तारेतच असतो.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, किंवा मंद फिरते, असे दिसताच सर्वांचा संशय कंडेन्सरवर, म्हणजे मोटरीला फिरण्याचा जोर देणाऱ्या कपॅसिटरवर जातो. आमच्या घरी एका उन्हाळ्यात दोन कंडेन्सर बदलून झाले, तरी पंखा तसाच रेंगाळत होता. अखेर मल्टिमीटर लावला, तेव्हा कूलर बंद असताना बोर्डावर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट दिसले आणि कूलर सुरू करताच आकडा १६० च्या खाली घसरला. मीटरपासून मागच्या खोलीपर्यंत ओढलेल्या वायरीला मध्येच पीळ देऊन मारलेला जोड काळा पडला होता. सैल जोडातून भार जाऊ लागला की व्होल्टेज तिथेच खर्ची पडते आणि जोडही तापतो. म्हणून व्होल्टेज मोजायचे ते कूलर सुरू ठेवून, त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये. बंद कूलरचे माप फसवे असते. मापाचे साधन नसेल, तर पहाटे गावातला भार कमी असताना कूलर लावून पाहावा. तेव्हा तो नीट चालत असेल, तर मोटरीला दोष देण्याचे कारण उरत नाही. मिक्सर एकाएकी बंद पडतो, त्यामागेही कमी व्होल्टेज आणि भांड्यात जास्त भरलेला माल अशी जोडी अनेकदा असते; अशा वेळी तो थंड होऊ द्यावा आणि बुडाशी असलेले लाल बटण दाबावे, खोलण्याची घाई करू नये.

पुरवठा ठीक निघाला, तर प्लग काढून पाते हाताने फिरवून पाहावे. ते जड जात असेल, तर बुश किंवा बेअरिंग कोरडे पडले आहे आणि तिथे कंडेन्सरचा काही उपयोग नाही. पाते सहज फिरत असेल तरच कंडेन्सर बदलावा, आणि तोही जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचाच. ‘थोडा मोठा टाकला म्हणजे जोरात फिरेल’ हा दुकानातला सल्ला ऐकू नये. त्याने मोटर तापते आणि वाइंडिंग जळते. जुना काढताना प्लग काढलेला असला तरी त्याची टोके बोटांनी धरू नयेत, कारण त्यात विद्युतभार शिल्लक असू शकतो.

खरी जिवावरची चूक मात्र वेगळीच आहे. कूलरचा करंट लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि तीन पिनांचा प्लग, चांगले अर्थिंग, पाणी भरण्याआधी वीजपुरवठा बंद करणे ही पथ्ये महावितरणही दरवर्षी सांगत असते. तरीही प्लग बसत नाही म्हणून अर्थिंगची पिन कापून टाकणारे आणि अर्थिंगची तार न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या तारेला) जोडणारे हात कमी नाहीत. हे दुसरे तर अधिक वाईट, कारण बाहेर न्यूट्रल तुटला की कूलरचा सगळा पत्रा जिवंत होतो. सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटू लागला, तर ‘दोन्हीकडे लाईन आली’ असे समजू नये. बहुधा न्यूट्रल तुटलेला असतो, आणि ते काम वायरमनचे आहे. नुसते बटण बंद करून कूलरला हात लावणेही धोक्याचे आहे, कारण बटण चुकून न्यूट्रलवर असेल तर फेज, म्हणजे जिवंत लाईन, आतच राहतो. प्लगच काढावा. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, त्यामुळे त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. एवढे करूनही मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारी कळ, बसवून घेतलेली बरी.

पंपाच्या बाबतीत पूर्णेच्या खोऱ्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्याचे दुखणे निराळे आहे. टाकीतले पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. वरून नवे पाणी ओतत राहिले की ते दिवसेंदिवस अधिक खारे होते, पत्रा गंजवते आणि वीजही अधिक सहज वाहून नेते. त्यामुळे तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करावी. पंप गुरगुरतो पण पाणी चढवत नाही, तेव्हा तो फेकून देण्याआधी पुढचे झाकण काढून आतली चकती पाहावी. तिच्यावर पांढरा थर बसलेला असेल, तर चकती आणि झाकण तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून घासावे. मोटरीचा भाग त्यात बुडवू नये. पाणी संपल्यावरही पंप चालू ठेवणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्याला थंड ठेवणारे तेच पाणी असते. हवा कमी लागते म्हणून मोटर खोलण्याआधी ताट्याही दाबून पाहाव्यात: क्षाराने कडक झालेली ताटी वारा अडवते आणि दोष मात्र पंख्यावर येतो.