‘निअर मिंट’ म्हणून घेतलेली एलपी अडकत होती, पैसे कसे परत मिळाले

मी मालवणचा. इंग्लंडच्या एका विक्रेत्याकडून नाट्यसंगीताची जुनी एलपी मागवली, ‘निअर मिंट’ म्हणजे जवळजवळ नव्यासारखी असं लिहिलेलं. कव्हर ठीक होतं पण टॉर्च तिरका धरला तर दुसऱ्या बाजूला ओरखडा, नखाला लागणारा, आणि सुई तिथे आली की तीच तान परत परत. बाबांसाठी घेतलेली, त्यामुळे फार लागलं मनाला. शेजारचे काका म्हणाले, "जांवदे रे, परदेशातल्या माणसाशी खंय भांडतलंस?"

पण सोडलं नाही. गोल्डमाइन या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या मासिकाच्या ग्रेडिंगप्रमाणे (रेकॉर्ड किती चांगली ते ठरवायच्या श्रेणी) अडकणारी रेकॉर्ड ‘गुड’ या खालच्या श्रेणीतसुद्धा बसत नाही, निअर मिंट तर लांबच, हेच मेसेजमध्ये लिहिलं, सोबत तिरक्या उजेडातले फोटो आणि सुई अडकतानाचा व्हिडिओ. विक्रेता म्हणे तुमच्याकडच्या दमट हवेने खराब झाली. अहो, दमट हवेने बुरशी येते, सरळ रेघ कशी ओढली जाईल!

पैसे पेपालने भरलेले, तिथे पेमेंटपासून 180 दिवसांत डिस्प्यूट (विक्रेत्याशी बोलून मिटवायची तक्रार) टाकता येतो, पण टाकल्यावर 20 दिवसांत तो क्लेममध्ये (म्हणजे पेपालनेच निर्णय द्यावा यासाठी) बदलावा लागतो, नाहीतर आपोआप बंद होतो. विक्रेता ‘बघतो, कळवतो’ करत राहिला, मी अठराव्या दिवशी क्लेम केला. मग दोन दिवसांत अर्धे पैसे द्यायला तयार झाला. मी घेतले, कारण परत पाठवायचं पोस्टेज आपल्याच खिशातून गेलं असतं.

पहिली बाजू स्वच्छ वाजते, बाबा रोज संध्याकाळी तीच लावतात.